नाही म्हणायला कारण लागत नाही

गायकवाड बाईंनी माझे दोन महिने खाल्ले आणि मरोळमध्ये माझं नाव खराब केलं. हे मी आजही कोणालाही सांगतो. त्या समोर असल्या तरी सांगतो. एकदा भांडुपला त्यांच्याच घरी, त्यांच्याच हातचं पिठलं-भाकर खाताना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो परब, ठाऊक आहे. पिठलं वाढू अजून?"

अशा बाईवर राग धरून ठेवणं किती अवघड असतं, हे ज्याने धरलाय त्यालाच कळेल. तरी मी धरला आहे. हातात आलेली वस्तू मी सहज सोडत नाही. बाप गिरणीत होता, गिरणी गेली तेव्हा मी दुसऱ्याच्या लेथखालचा लोखंडाचा कीस झाडत होतो. आज मरोळच्या औद्योगिक वसाहतीत माझा स्वतःचा गाळा आहे, पाच मशिनं आहेत. हे गोड बोलून झालेलं नाही. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या तर मी त्या तीन दिवसांवर आणतो, असं माझी बायको सांगते, आणि ते खरं आहे.

माझ्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर निनादने कंपनी काढली होती. तिशीचा इंजिनिअर पोरगा, डोक्यात एकच वेड. खाडीपलीकडच्या, डोंगरातल्या लहान दवाखान्यांना रक्ताच्या पिशव्या आणि औषधं पोचवणारं बिनपायलटचं विमान. ते हेलिकॉप्टरसारखं सरळ वर जाणार, मग हवेतच त्याच्या चार मोटरी पुढे झुकणार आणि ते विमानासारखं उडू लागणार. त्या मोटरी ज्या बिजागरीवर झुकतात, तिच्या पिना माझ्या. एका मोटरीला दोन, अशा आठ पिना. करंगळीएवढ्या. पण मोटरी झुकतात ती दहा सेकंदं सगळा भार त्यांच्यावर. गायकवाड बाई त्या दहा सेकंदांना 'उंबरठा' म्हणायच्या. "ना घरात, ना दारात. माणूस पण तिथेच ठेचकाळतो," असं त्यांचं म्हणणं.

बाई निनादकडे सुरक्षेच्या कामाला होत्या. त्याआधी तीस-बत्तीस वर्षं त्यांनी विमानतळाजवळच्या एका हँगरात मोठ्या विमानांची तपासणी केली होती. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, या मरोळला आल्या. बुटक्या, सावळ्या, केस करकचून बांधलेले. सुती कुर्ता, आणि त्याचे दोन्ही खिसे शिवून बंद केलेले. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाईंना चोराची भीती. नंतर कळलं, खिशातली वस्तू मशिनात पडते म्हणून हँगरात लागलेली सवय. मुलीच्या लग्नातल्या पोलक्यालाही खिसा ठेवू दिला नाही, असं त्यांचे यजमान सांगायचे. यजमान बसकंडक्टर होते, मोठे गमत्या. "आमचं लग्न हिने तपासून केलंय," म्हणायचे. "मला विचारलं होतं, समजा पटलं नाही तर? मी म्हटलं, तर मी डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर राहायला जाईन."

आमची पहिली भेट भांडणात झाली. मी पहिल्या आठ पिना डब्यात घालून वर पाठवल्या. अर्ध्या तासात डबा परत. मी जिना चढून गेलो.

"काय झालं? माप चुकलं?"

"माप उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "एका पिनेवर नंबर नाही."

"अहो, आठ पिना आहेत. सातांवर एक ते सात नंबर आहेत. उरलेली आठवी! यात कोडं काय आहे?"

"ही कुठल्या सळईतून कापली?"

"स्टीलच्या!"

मी बराच वेळ बोललो. माझा आवाज मशिनाच्या वर चढायला शिकलेला आहे, त्यामुळे चढतो. अख्खा मजला थांबला. बाई हातातला हिरव्या शाईचा पेन टोपण लावून खाली ठेवून ऐकत राहिल्या, आणि मी श्वास घ्यायला थांबलो तसं म्हणाल्या, "झालं? चहा सांगू? आलं चालतं ना?" मग सरला मावशींना हाक मारली. सरला मावशी म्हणजे तिथला चहा-डबा बघणाऱ्या. चहा पिऊन मी तो डबा घेऊन खाली आलो. आठव्या पिनेवर नंबर कोरला आणि परत पाठवला. कसा काय हरलो, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

त्यांची एक जाड वही होती. तिला सगळे 'समजा वही' म्हणत. तिच्यातली प्रत्येक ओळ 'समजा'ने सुरू व्हायची. समजा तीन नंबरची मोटर बंद पडली, तर? समजा वारा फिरला, तर? समजा गुराखी मैदानात आला, तर? पुढे हिरव्या शाईत उत्तर. कंपनीतल्या प्रत्येकाने आठवड्याला तीन 'समजा' आणायचे, हा नियम. मला मी बाहेरचा माणूस म्हणून सूट असेल असं वाटलं होतं. तशी नव्हती.

"तुमचे तीन, परब."

मला राग आला होता, आणि खाली माझी दोन मशिनं थांबली होती. मी म्हटलं, "लिहा. समजा गायकवाड बाईच आल्या नाहीत, तर?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते अक्षर अन् अक्षर लिहून घेतलं, म्हणाल्या, "चांगला आहे. हा आमच्या लक्षात आला नव्हता," आणि वही मिटली. कुठल्याही 'समजा'चं उत्तर त्याच दिवशी लिहायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. पण काय लिहिलं ते मी विचारलं नाही. टोमणा फुकट गेला याचंच मला जास्त वाईट वाटलं.

चाचणीच्या आधीचा त्यांचा आढावा म्हणजे एक वेगळाच प्रकार. सगळ्यांना गोल बसवायचं. निनाद, दोन-तीन इंजिनिअर, रिमोटवरून उडवणारा मुलगा, सरला मावशी, आणि ज्यांनी बनवलेला भाग विमानात बसलाय असे माझ्यासारखे. मग एकेकाचं नाव घेऊन एकच प्रश्न. "हो की नाही?" जो 'हो' म्हणेल त्याने कारण सांगायचं. मी काय तपासलं, कधी तपासलं, म्हणून हो. जो 'नाही' म्हणेल त्याला कोणी काही विचारायचं नाही. एक 'नाही' आला की त्या दिवसापुरती चाचणी बंद.

"हे उलटं आहे," मी म्हटलं होतं. "काम थांबवणाऱ्याने कारण द्यायला हवं."

"नाही म्हणायला कारण लागत नाही, परब. हो म्हणायला लागतं," बाई म्हणाल्या. "कारण मागितलं की लहान माणूस गप्प बसतो. त्याच्याकडे मोठे शब्द नसतात."

मला हे पुस्तकी वाटलं. मग एका आढाव्यात सरला मावशींनी 'नाही' म्हटलं.

ती छोटी चाचणी होती. विमान दोरीला बांधून माणसाच्या उंचीएवढं उचलायचं, एवढंच. सगळ्यांचे 'हो' झाले होते. मावशींची पाळी आली. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "नाय बा." निनादचं तोंड उघडलं, बाईंनी नुसतं बघितलं, ते मिटलं. बाईंनी वहीत टिपलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं. मी जिन्यात मावशींना गाठलं. मला राहवेना.

"काय गं मावशी, तुला विमानातलं काय कळतं?"

"मला डब्यातलं कळतं," त्या म्हणाल्या. "त्या उडवणाऱ्या पोराने दोन दिवस डबा उघडला नाय. चहाचा कप धरतो तर हात हलतो. ताप आहे त्याला, सांगत नाय कोणाला. त्याच्या हातात तू ते धूड देशील?"

दुसऱ्या दिवशी पोरगा तापाने फणफणून घरी पडला होता. बाईंनी मावशींना शाबासकी वगैरे दिली नाही. फक्त पुढच्या आढाव्यापासून मावशींचं नाव सर्वांत आधी घेऊ लागल्या.

आता माझ्या रागाकडे येतो.

मोठी चाचणी ठरली. पहिल्यांदाच दोरीशिवाय, पहिल्यांदाच मोटरी हवेत झुकवायच्या. शहापूरच्या पुढे एक माळ मिळाला होता. वरचं आकाश एका सकाळी चार तासांपुरतं मोकळं ठेवायची परवानगी आली होती. ती चुकली की पुढची दोन महिन्यांनी. बाईंनी भिंतीवर कागद लावून दिवसांची आखणी केली. सोमवारी हे, मंगळवारी ते. आणि चाचणीच्या आदला दिवस कोरा.

"या दिवशी काय?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"जे आपल्याला आठवलेलं नाही, ते."

कोरा दिवस! मरोळमध्ये कोणाच्या भिंतीवर मी कोरा दिवस पाहिलेला नाही. माझ्या पिनांना वेळ कमी पडत होता. पिना कापून झाल्या की त्या भट्टीत तापवून तेलात बुडवून कडक करायच्या असतात, त्याला आम्ही हार्डनिंग म्हणतो, आणि ते बाहेरून करून आणावं लागतं. मी निनादला बाजूला घेतलं. अरे, बाईंचं वय झालं, त्या भिऊन दिवस ठेवतात, तो मला दे. दोन दिवस त्याच्या मागे लागलो. शेवटी निनादने बाईंसमोर विषय काढला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "परबांना हवाय?" म्हणाल्या, आणि खुर्चीवर चढून कोऱ्या चौकोनात स्वतः लिहिलं: पिना बसवणे. मी जिंकलो होतो. भाव करून मी एक अख्खा दिवस काढला होता.

मग माझा नेहमीचा हार्डनिंगवाला म्हणाला, भट्टी बंद पडलीय, चार दिवस लागतील.

हातात दोन होते. मी पिना भांडुपला दुसऱ्या एकाकडे नेल्या. त्याचं काम मी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. पिना आल्या, दिसायला झकास. आठांपैकी दोन तपासल्या, बरोबर निघाल्या. बाकी सहा तपासायला वेळ नव्हता. कागदावर जुन्याच भट्टीचं नाव राहिलं. मी ते बदललं नाही. खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. आदल्या दिवशी, म्हणजे जो दिवस कोरा असणार होता त्या दिवशी, पिना बसल्या.

माळावर सकाळी छान गार वारा होता. मंडप टाकलेला, विमान मध्ये उभं. बाईंनी गोल बसवलं. मावशी, 'हो, सगळे जेवलेत, झोपलेत.' उडवणारा पोरगा, 'हो,' आणि कारण. निनाद, 'हो,' आणि लांबलचक कारण. मग मी.

"परब?"

"हो. पिना बसवल्यात, नंबर बघितलेत, म्हणून हो."

बाईंनी लिहून घेतलं. सगळ्यांचं झालं. शेवटी त्या नेहमी स्वतःचंच नाव घेत. त्यांनी घेतलं. "गायकवाड?" आणि जराही आवाज न बदलता उत्तर दिलं, "नाही."

निनादच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला दिसलं. वर आकाश रिकामं, त्याच्यासाठी मोकळं ठेवलेलं. "बाई, का?" एवढंच म्हणाला आणि मग नियम आठवून मान खाली घातली. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

मी उठलो. "हे काय चाललंय? खेळ आहे का? सगळी तयारी झालेली, माणसं दोन-दोन आठवडे राबलीत, आणि एक बाई मनात आलं म्हणून नाही म्हणते! वाट लावली सगळ्यांची!" मंडपातून ओरडत बाहेर पडलो. माळावर रागावून जायला जागा नसते. मी चालत गेलो, चालत गेलो, शेवटी एका म्हशीपाशी थांबलो आणि परत आलो. तोवर विमान ट्रकमध्ये चढत होतं.

मरोळला आल्यावर आठवडाभरात खालच्या चहावाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे म्हणत होते, परबच्या पिनांमुळे थांबलं. बाईंनी तोंडातून पिनेचा 'प' काढला नव्हता. पण काढला नव्हता हेच माझं दुखणं. कारण सांगितलं असतं तर काही बोलता आलं असतं. आता कोणाशी भांडू?

मी आठही पिना उतरवून घेतल्या आणि चाचणीच्या प्रयोगशाळेत नेल्या. ठरलेल्या भाराच्या दीडपट ओढायला लावल्या. आठच्या आठ टिकल्या. एकीलाही तडा नाही. तो कागद घेऊन मी जिना चढलो. इतक्या आनंदात मी तो जिना कधीच चढलो नव्हतो. कागद बाईंच्या टेबलावर आपटला.

"वाचा."

त्यांनी सगळा वाचला. तारीख, सही, सगळं. "छान आहेत पिना," म्हणाल्या.

"छान? आणि माझे दोन महिने? माझं नाव?"

"पिना वाईट आहेत असं मी कुठे म्हटलं?"

"मग नाही कशाला म्हटलं तुम्ही?"

"नियम मोडून विचारताय. पण चाचणी संपलीय, सांगते." त्यांनी वही ओढली आणि मागची पानं दाखवली. "हे बघा. तुमचे आजवरचे सहा आढावे. परब, हो, बावीस मिनिटं. परब, हो, सतरा मिनिटं. माप कशाला परत, नंबर कशाला, या निनादला काय कळतं, हे सगळं झाल्यावर तुमचा हो येतो. त्या दिवशी नाव घेतल्याबरोबर आला. तुम्ही भांडला नाहीत, परब. मी तुमच्या पिनांना नाही म्हटलं नाही. त्या 'हो'ला नाही म्हटलं."

मी टेबलावरचा माझा कागद उचलून घेतला.

"काय लपवत होतात ते मला ठाऊक नव्हतं. आताही नाही. तिथे कारण सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? सगळ्यांसमोर?"

त्या खोलीत एक भिंतीवरचा पंखा होता, तो कटकट करायचा. ते मी पहिल्यांदाच ऐकलं. मग मी त्यांना भांडुपच्या भट्टीचं सांगितलं. सगळं सांगितलं, दोनच पिना तपासल्याचं पण. ऐकून झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे फिरवली, पेन दिला. "लिहा. समजा भट्टी बदलली आणि कागदावर आली नाही, तर?"

मी लिहिलं.

"उत्तर पण तुम्हीच."

मी हिरव्या शाईत लिहिलं: तर नाही म्हणायचं.

"पण पिना चांगल्या होत्या," मी जाता जाता म्हटलं. "आठच्या आठ. म्हणजे मी बरोबर होतो."

"तुमचं नशीब बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

दोन महिने असे गेले. भिंतीवर नवीन आखणी लागली. आदला दिवस पुन्हा कोरा. निनादने माझ्याकडे संशयाने बघितलं. मी म्हटलं, "मला काय बघतोस? मी काही मागितलंय?" उलट त्या कोऱ्या दिवशी मी आठही पिना दुसऱ्यांदा तपासून आणल्या.

दुसऱ्या खेपेला माळावर पोचलो तर बाई आमच्याआधी येऊन बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा. यजमानांना छातीत दुखलं म्हणून दोन रात्री हॉस्पिटलात काढल्या होत्या. आता धोका टळला होता, मुलगी त्यांच्याजवळ होती. निनाद म्हणाला, "बाई, तुम्ही यायचं नव्हतं."

"आले नसते. पण मुद्दाम सांगायला आले." त्या उभ्या राहिल्या. "मी दोन रात्री झोपलेले नाही. आज आढावा मी घेऊ शकत नाही. असं समजा की मी इथे नाही."

निनाद खुर्चीत बसला. परवानगी पुन्हा चार तासांची. आणि या खेपेनंतर तिसरी नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांच्या पैशावर कंपनी चालली होती त्यांनी तसं कळवलं होतं. आज उडालं नाही तर वरचा मजला रिकामा होणार.

"म्हणजे रद्द?" त्याने विचारलं.

"मी कुठे म्हटलं? वहीत आहे ना. वही काढ."

निनादने पानं उलटली. मग थांबला आणि वही माझ्यासमोर धरली. ओळ माझीच होती. माझा टोमणा. समजा गायकवाड बाईच आल्या नाहीत, तर? पुढे हिरवी शाई, आणि शेजारी त्याच दिवसाची तारीख. पिनांच्या, भट्टीच्या, त्या 'नाही'च्या कितीतरी आधीची.

तर परब विचारतील.

मी बाईंकडे बघितलं. त्या मावशींकडून पाणी घेत होत्या.

"हे काय आहे, बाई?"

"उत्तर आहे."

"मीच का?"

"आता वेळ नाही, परब. चार तास आहेत."

मी वही घेतली. मला हे विमान उडायला हवं होतं. माझ्या नावासाठी हवं होतं, सगळ्यांपेक्षा जास्त. भाव करणाऱ्या माणसाला समोरच्याकडून 'हो' कसा काढायचा ते चांगलं येतं. हा माणूस त्या खुर्चीवर बसायला सर्वांत नालायक, असं मला वाटत होतं.

"मावशी?"

"हो. पोरगा दोन भाकऱ्या खाऊन बसलाय."

"उडवणारा?" त्याचंही झालं. मग निनाद.

"हो," निनाद म्हणाला. "सगळं ओके आहे, काका."

"ओके म्हणजे?"

"म्हणजे सगळं बघितलंय."

"काय बघितलंस? कधी?"

"काका, प्लीज, वेळ जातोय..."

"जाऊ दे! कारण सांग! माझ्या एका पिनेसाठी मला जिना चढायला लावता आणि तू मला ओके ऐकवतोस? बॅटऱ्या कधी मोजल्यास? कोणी मोजल्या? वाऱ्याचा आकडा काय? लिहिलाय कुठे?"

निनाद चिडला. तावातावाने बॅटरी बॅटरी करून, वेळ सांगून, वाऱ्याचा कागद माझ्या तोंडासमोर नाचवून त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याला एका बॅटरीची वेळ आठवेना, तेव्हा स्वतःच उठून गेला, पुन्हा मोजून आला. मग दमून बसला आणि म्हणाला, "हो. म्हणून हो." तो 'हो' वेगळा होता. मलाही ऐकू आलं.

दुसऱ्या इंजिनिअरशी मी भांडलो. तिसऱ्याशी भांडलो. मग स्वतःचं नाव घेतलं आणि आठ पिनांची जन्मकुंडली सांगितली, भट्टीच्या नावासकट. वहीत शेवटचं नाव उरलं. निनाद म्हणाला, "बाई आज नाहीत ना? त्यांना सोडा."

"नाव लिहिलेलं आहे," मी म्हटलं. "गायकवाड बाई. हो की नाही?"

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. ते डोळे लाल होते, दोन रात्रींचे.

"हो," म्हणाल्या.

"कारण?"

"मी पिना बघितल्या नाहीत, बॅटऱ्या बघितल्या नाहीत. आज मी माणूसच बघितला. तुम्ही सकाळपासून तिघांशी भांडलात, म्हणून हो."

मी ते तसंच लिहून घेतलं.

पंखे फिरू लागले, गवत आडवं झालं. विमान उचललं गेलं आणि सगळी माणसं माना वर करून उभी राहिली. निनादचे ओठ हलत होते. उंबरठा आता येणारच होता. बाई मात्र वर बघत नव्हत्या. विमानाकडे पाठ करून त्या माळावर, जिथे ते उतरणार होतं त्या चुन्याच्या चौकोनाकडे बघत उभ्या होत्या. शिवलेल्या खिशांवर दोन्ही हात टेकलेले, वारा कुर्त्यात शिरलेला.

मी त्यांच्याजवळ गेलो. "बाई, बघा ना. आयुष्यात एकदा."

"उडाल्यावर सगळे वर बघतात," त्या म्हणाल्या. "कोणीतरी खाली बघायला हवं. ते बघा."

चौकोनाच्या कडेला एक कुत्रं येऊन बसलं होतं. आरामात, पाय पसरून. मी धावत सुटलो. माझ्या वयाला शोभणार नाही असा, शिव्या देत. मागे टाळ्या वाजल्या, कोणीतरी रडलंसुद्धा, निनाद 'काका, काका' ओरडला. मी कुत्र्याच्या मागे होतो. दम लागून वळलो तेव्हा विमान चुन्याच्या चौकोनात उतरून शांत उभं होतं, आणि बाई गाडीत बसत होत्या, हॉस्पिटलला जायला. बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि मला खुणेने विचारलं, गेलं का? कुत्र्याबद्दल.

मी मान हलवली. मग आठवलं आणि ओरडलो, "हो! वडाच्या पलीकडे हाकललंय, म्हणून हो!"

त्या हसल्या. तसं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. गाडी गेली. यजमानांच्या दुखण्यानंतर त्यांनी काम सोडलं, समजा वही वरच्या मजल्यावर राहिली, आणि आता प्रत्येक आढावा घ्यायला मला जिना चढावा लागतो.

विमान मी त्यानंतर खूपदा उडताना बघितलं. पण पहिल्यांदा मोटरी झुकल्या आणि त्याने हवेत उंबरठा ओलांडला, ते सगळ्यांनी पाहिलं, सरला मावशींनी पाहिलं. माझ्या पिनांवर झालं आणि मी पाहिलं नाही. त्या बाईंमुळे. हा राग वेगळा, आणि तोही मी सोडणार नाही.